बंबात हात जात नाही

लग्न होऊन बाळीवेशीतल्या घरात आले तेव्हा मी चौदा वर्षांची होते आणि त्या घरातून निघाले तेव्हा बत्तीस वर्षांची. मधल्या अठरा वर्षांत मी रोज आंघोळ केली, पण मनसोक्त कढत पाण्याने एकदाही केली नाही. हे वाचून कुणाला हसू आलं तर येऊ द्या. हसणाऱ्याने पौषातल्या पहाटे एकोणीस माणसांच्या मागे रांगेत उभं राहून बघावं आणि मग हसावं.

आमचं लिंगायतांचं घर. आंघोळ झाल्याशिवाय लिंगपूजा नाही, पूजा झाल्याशिवाय पाण्याचा घोट नाही. त्यामुळे झुंजुमुंजू व्हायच्या आत न्हाणीपुढे गर्दी व्हायची. न्हाणीच्या कोपऱ्यात दगडमातीच्या ओट्यात तांब्याचा भला मोठा हंडा कायमचा बसवलेला, खाली जाळ. आमच्यात त्याला हंडेवली म्हणतात. तो विहिरीवरून भरायचा धाकट्या सुनेने, पेटवायचाही तिनेच, आणि धुराने डोळे चोळत तिनेच सगळ्यांना हाका मारायच्या. मग आधी सासरे, मग थोरले दीर शरणप्पा, मग मधले दीर, आमचे हे, आलेले पाहुणे, शिकायला राहिलेले भाचे, मग सासूबाई, थोरल्या जाऊबाई, मधल्या जाऊबाई, पोरंबाळं. प्रत्येकाने दोन घागरी काढल्या की हंड्यात दोन घागरी गार पाणी ओतायचं. माझी पाळी येईपर्यंत ते पाणी तापवलेलं होतं हे कुणीतरी सांगावं लागे.

कुणी दुष्टपणाने करत होतं असं नाही. दोन्ही जावा या रांगेतूनच पुढे सरकल्या होत्या. माझ्यामागून चौथी सून आली असती तर मीही सरकले असते, पण सासूबाईंना चौथा मुलगा झालाच नाही. आता यात रागवायचं कुणावर? तरी मी रागवायचे. रोज, न चुकता, शेवटच्या घागरीशी.

आमचे हे गिरणीत स्टोअरकीपर. नाव पंचाक्षरी, तोंडाने घेत नाही, लिहायला हरकत नाही. १९३४ साली त्यांनी होटगी रस्त्याला, गावाबाहेर, लहानसं घर बांधलं. सासरे जाऊन तीन वर्षं झाली होती. सासूबाई, त्यांना आम्ही अत्ती म्हणतो, शरणप्पांकडेच राहतील असं सगळ्यांनी धरलं होतं. पण त्यांनी आपलं गाठोडं बांधलं आणि म्हणाल्या, "मला मोकळी हवा पायजे. मी धाकट्याकडं जाते." मोकळ्या हवेची मला पण आशा होती, पण अत्ती सोबत म्हटल्यावर ती जरा कमी झाली.

नव्या घरी परसात विहीर होती. चाळीस फुटांवर पाणी लागलं आणि भर उन्हाळ्यात पुरुषभर टिकलं. सोलापुरात असं पाणी लागणं म्हणजे जो तो येऊन अभिनंदन करून जायचा. मीही खूश होते. फक्त त्या पाण्यात तुरीची डाळ शिजत नसे. गवंड्यांसाठी मी एकदा तिथे आमटी केली, तर दोन तास उकळूनही डाळ दाण्यासारखी वेगळी. अत्तींनी दाणा बोटांनी चेपला आणि म्हणाल्या, "नीर जड हाय." मी म्हटलं, डाळ जुनी असेल.

न्हाणी बांधायची वेळ आली तेव्हा ह्यांनी मला सांगितलं, "बाकी घर मी ठरवलं. न्हाणीत काय बसवायचं ते तू ठरव." अठरा वर्षांत हे पहिल्यांदा माझ्यावर काही सोपवत होते. मी रात्री झोपलेच नाही.

खरं तर मला विचार करायची गरजच नव्हती. बांधकामाशेजारी रेल्वेच्या चाळीत गोजाबाई राहत होत्या. त्यांच्याकडे तांब्याचा बंब होता, तो मी महिनाभर रोज जाऊन बघत होते. उभा, गोल, घासून लखलखीत केलेला. मधोमध आरपार नळकांडं, त्यात वरून कोळसा आणि ढलप्या टाकायच्या, नळकांड्याभोवती पाणी. एका बाजूला नरसाळं, दुसऱ्या बाजूला तोटी. नरसाळ्यात एक तांब्या गार पाणी ओतलं की तोटीतून एक तांब्या कढत पाणी बाहेर. ओतल्याशिवाय निघत नाही, आणि निघाल्याइतकं पुन्हा भरलेलंच. म्हणजे बंब कधी रिकामा होत नाही. पहिल्याला जसं पाणी, तसंच दहाव्याला. गोजाबाई म्हणाल्या, "आमच्याकडे मी सगळ्यांच्या शेवटी न्हाते, तरी पाठ भाजते." मी घरी येताना रस्ताभर हेच घोळवत होते. बंबाला शेवटचा माणूस ठाऊकच नाही!

अत्तींना मी म्हटलं, "आपण बंब घेऊ या."

"बंब नको गं. हंडा बसव."

"का?"

"बंबात हात जातो का?"

मला वाटलं, आता ह्यांच्या हंड्याचं पुराण सुरू होणार. अत्ती मैंदर्गीच्या. त्यांच्या माहेरच्या गोष्टी मी इतक्या ऐकल्या होत्या की मैंदर्गीतल्या कुठल्या घराला कोणत्या बाजूला दार आहे हे मी सांगितलं असतं. दिवाळीआधी पाणी भरायचा सण, नीर तुंबो हब्ब, तो तर त्यांच्या जिवाचा. हंडा चिंच-राखेने घासायचा, चुन्याचे आणि कावेचे पट्टे ओढायचे, गळ्याला वेल बांधायची, ताज्या पाण्याने भरून पूजा करायची आणि दुसऱ्या दिवशी पहाटे त्याच पाण्याने तेल लावून न्हायचं. एका वर्षी मी वेलीचा वेढा उलटा बांधला म्हणून त्यांनी तो सोडवून मला पुन्हा बांधायला लावला होता. असली बाई बंबाला कशाला मान्यता देईल? बंबाच्या गळ्याला वेल कुठे बांधणार, नळकांड्याला?

मी जरा तिखटपणेच म्हटलं, "हात कशाला घालायचा? पाणी तोटीतून येतं."

"जे पाणी डाळ शिजू देत न्हाई, ते भांड्यात काहीतरी सोडून जाणार की. हंड्यात हात घालून खरवडता येतं. बंबाला काय करशील?"

"गोजाबाईंच्या बंबाला तीन वर्षं झाली."

अत्ती जपमाळ घेऊन बसल्या. मी धरून चालले की मी जिंकले. खरं म्हणजे मला हेच वाटत होतं की म्हातारीला जुनी रांग हवी आहे. हंडा आला की रांग आली आणि रांग आली की मी शेवटी. बंब माझ्या हट्टाचा झाला तो तिथे.

बंब आला. तांबटाच्या दुकानातून गाडीवर ठेवून आणताना मी मागून चालत होते, वरातीत चालावं तशी. श्रावणात आम्ही राहायला गेलो. घरात आम्ही दोघं, तीन मुलं, अत्ती, आणि ह्यांचे एक म्हातारे चुलते. पहिल्या दिवशी सगळ्यांची आंघोळ झाल्यावर मी दार लावून नरसाळ्यात तांब्या ओतला आणि तोटीखाली हात धरला. चटका बसला! मी एकटीच हसले. बारा तांबे घेतले, मग आणखी बारा. बाहेरून मुलगी ओरडली, "आई, पडलीस का गं?" अंगाला वाफा येत मी बाहेर आले तेव्हा अत्ती अंगणात बसून जप करत होत्या. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा डोळे मिटले.

श्रावण सुखाचा गेला. भाद्रपदही गेला. बायकांना दुपारी बोलवून मी बंब दाखवत असे. मी शेवटी न्हात होते, पण आता त्याचं मला काहीच वाटत नव्हतं.

नवरात्राच्या सुमारास बंब आवाज करू लागला. आधी बारीक, मग चहाचं आधण उकळावं तसा. पाणी तापायला अर्धा तास लागायचा तिथे तास लागू लागला आणि कोळसा दुप्पट. तोटीतून पाणी धारेने यायचं ते ठिबकत यायला लागलं, नरसाळं तुंबून वरून सांडू लागलं. तोटीच्या तोंडाला पांढरं कडं धरलं होतं, ते मी नखाने काढलं तर खडूसारखं भुगा होऊन पडलं. तेव्हा मला डाळ आठवली. आणि हेही आठवलं की रेल्वेच्या चाळीत विहीर नाही. तिथे तलावाचं पाणी नळाने येतं. गोजाबाईंची डाळ एका उकळीत शिजते, हे मी त्यांच्याच घरी बसून कितीदा पाहिलं होतं.

एवढं कळल्यावर शहाण्या माणसाने घरात सांगितलं असतं. मी सांगितलं नाही. अत्तींच्या तोंडून "मी म्हटलं नव्हतं का" ऐकायची माझी तयारी नव्हती. मी आणखी पहाटे उठून कोळसा जास्त टाकू लागले, म्हणजे कुणाला उशीर कळू नये. आणि मग मला युक्ती सुचली. तांब्याची भांडी आपण कशाने घासतो? चिंचेने. हात आत जात नसेल तर चिंच तर जाईल!

एका दुपारी घरात सामसूम पाहून मी अडीच शेर चिंच कोळली आणि तो कोळ नरसाळ्यातून बंबात ओतला. खाली ढलप्या पेटवल्या. आतून असा फसफसाट सुरू झाला की मी दोन पावलं मागे आले. संध्याकाळी सगळं काढून टाकायचं ठरवलं होतं, पण तोटीतून थेंबही येईना. तळाच्या बुचालाही खडा धरून ते घट्ट बसलेलं. तेवढ्यात चुलते परसात आले, मी बंबावर फडकं टाकलं आणि स्वयंपाकाला लागले. म्हटलं, पहाटे बघू.

पहाटे मला जाग आली ती ह्यांच्या ओरडण्याने. त्या दिवशी गिरणीत माल उतरायचा होता म्हणून हे माझ्याआधी उठले, स्वतःच बंब पेटवला आणि आंघोळीला बसले. वरून तांब्या ओतला तर तोटी अडलेली. दुसरा ओतला, तिसरा ओतला, आणि मग आतलं सगळं एकदम नरसाळ्यातून वर उसळलं. नशीब, पाणी अजून कोमटच होतं. मी धावत गेले तर हे न्हाणीत उभे, डोक्यावर पांढरे खवले, अंगावरून हिरवट तपकिरी पाणी ओघळतंय, आणि न्हाणीभर आमटीचा वास.

"हे काय आहे?" ह्यांनी विचारलं. कपाळावर चिंचेची साल चिकटली होती.

मी हसू आवरलं नाही. आवरायला हवं होतं, पण नाही आवरलं. मुलं उठून आली, तीही हसली. चुलते म्हणाले, "पंचाक्षरी, तुला फोडणी द्यायची राहिली." ह्यांना त्या अवतारात पूजा करता येईना आणि दुसरं गरम पाणी तर नव्हतंच. शेवटी विहिरीचं गार पाणी डोक्यावर घेऊन, कुडकुडत, उपाशीपोटी हे गिरणीत गेले. तेव्हा मात्र माझं हसू गेलं.

दुपारी ह्यांनी गिरणीतल्या बॉयलरवरच्या धुळाप्पाला पाठवलं. धुळाप्पा करमाळ्याकडचा, आडदांड पण बोलायला गोड. त्याने बंबाला टिचक्या मारून कान लावला, तळाचं बूच हातोडीने सोडवलं आणि आत बोट घातलं. ते पेरभर गेलं आणि अडलं.

"अक्का, दगड धरलाय की आतनं. नळकांड्याला समद्या बाजूनं. चिंचेनं वरचा पापुद्रा निघाला, खालचा तसाच हाय."

"गिरणीच्या बॉयलरला नाही का धरत?"

"धरतो की! पर तितं झाकण काढून माणूस आत शिरतो अन् हातोडीनं ठोकून काढतो. मीच शिरतो. ह्यात म्या कसा शिरू?" आणि तो स्वतःच्या विनोदावर खदखदून हसला. "तुमचं पाणी लई जड हाय. पाणी चांगलं हाय, शेताला घाला, प्या. पर असल्या बंद भांड्यात तापवू नगा. उघड्या तोंडाचं भांडं घ्या, धा दिसाला खरवडा. वरीसभर काय, पिढीभर टिकंल."

तो गेल्यावर मी न्हाणीच्या उंबऱ्यावर बसून राहिले. अत्ती आल्या. मी वाट बघत होते की आता म्हणतील, म्हटलं होतं ना. त्या म्हणाल्या, "दिवाळी धा दिवसांवर हाय. उद्या तांबटाकडं जाऊ. हा बंब मोडीत घालू, हंडा आणू."

एवढंच. एक शब्द वावगा नाही. त्यांनी टोमणा मारला असता तर मी उलट काहीतरी बोलून मोकळी झाले असते. पण त्या इतक्या साधेपणाने बोलल्या की माझा बांध फुटला.

"आणा हंडा," मी म्हटलं. "आणा आणि मला बसवा पुन्हा शेवटी. अठरा वर्षं मी सगळ्यांचं पाणी तापवलं, अत्ती, अठरा वर्षं! आणि माझ्या वाट्याला गारढोण पाणी. बंब मला मिरवायला नको होता. माझ्या वाट्याला कढत पाणी यायचं, एवढ्यासाठी हवा होता. तुम्हाला कधी दिसलं का, मी कशाने न्हात होते ते?"

हे मी ओरडून बोलले. सासूपुढे आवाज चढवायची ती माझी पहिलीच वेळ. अत्तींच्या हातात जपमाळ होती, ती थांबली. मग त्या उठून आत गेल्या. त्या रात्री त्या जेवल्या नाहीत, पोट बरं नाही म्हणाल्या. मला वाटलं, दुखावल्या. वाईट वाटलं, पण बोलले ते खोटं नव्हतं, म्हणून माफी मागितली नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी टांग्यातून तांबटाकडे गेलो. तिथे अत्तींनी एकेक हंडा पारखला. टिचकी मारून, आत हात कोपरापर्यंत घालून, तळ चाचपून. मग मला म्हणाल्या, "तू घाल हात." मी घातला. माझा हात तळाला टेकला. "हा घे," त्या म्हणाल्या. गवंड्याला त्यांनी चुलीचं तोंड न्हाणीच्या बाहेर, परसाच्या बाजूला काढायला लावलं, म्हणजे धूर आत कोंडत नाही आणि न्हाणाऱ्याला कळतही नाही की बाहेर कोण जाळ घालतंय.

नवं घर, पहिली दिवाळी, म्हणून शरणप्पा सहकुटुंब आले. मधले दीरही आले. घरात चौदा माणसं झाली. बाळीवेशीतली रांग जशीच्या तशी माझ्या नव्या घरात येऊन उभी राहिली होती, त्याच क्रमाने, त्याच पंच्यांसकट.

त्रयोदशीच्या संध्याकाळी नीर तुंबो हब्ब झाला. मी हंडा घासला, पट्टे ओढले, वेल बांधली. या वेळी सरळ बांधली. विहिरीवरून चौदा घागरी आणून हंडा काठोकाठ भरला. अत्तींनी हळदकुंकू वाहिलं. थोरल्या जाऊबाई म्हणाल्या, "छान झालंय हो. पहाटे लवकर पेटव, ह्यांना सहाच्या आत पूजेला बसायचंय." त्यात त्यांचं काय चुकलं? मी मान हलवली.

पहाटे उठले तेव्हा चुलीचं तोंड आधीच लाल झालं होतं. अत्ती परसात बसून तुराट्या सारत होत्या. मी म्हटलं, "मी करते, तुम्ही उठा." त्या जागच्या हलल्या नाहीत. हंड्यावर वाफ धरली होती. गिरणीचा पहिला भोंगा झाला. एकेक करून सगळे उठले. शरणप्पा डोक्याला तेल थापून, पंचा गुंडाळून न्हाणीच्या दाराशी आले.

"थांब," अत्ती परसातून म्हणाल्या.

"काय, अव्वा?"

"आधी रुद्राणी." रुद्राणी म्हणजे मी.

शरणप्पांना वाटलं, आई झोपेत आहे. "अव्वा, मी आहे. शरणप्पा."

"दिसतंय की मला. आधी रुद्राणी न्हाणार. नीर जिनं भरलं, ती पहिली. मग बाकी समदे."

सगळे एकमेकांकडे बघू लागले. मधले दीर हसले. थोरल्या जाऊबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच काहीतरी कारस्थान केलंय. शरणप्पा म्हणाले, "असं कुठं असतं? इतकी वर्षं कधी केलं नाही."

"हिंदिनिंद हाय," अत्ती म्हणाल्या. म्हणजे पूर्वीपासून चालत आलंय. "मैंदर्गीला आमच्या घरात असंच. नीर भरणारीनं आधी न्हायाचं, न्हाई तर गंगा रुसती. तुमच्या वडलांच्या घरात ते राहून गेलं. हे नवं घर हाय, हितं राहायला नको."

गंगेचं नाव काढल्यावर शरणप्पा मागे सरले. देवाधर्माच्या बाबतीत अत्तींशी वाद घालायची कुणाची छाती नव्हती; वेलीचा वेढा उलटा झाला तर सोडवणारी ती बाई, रीत कशाला चुकवेल? पंचा आवळत ते ओट्यावर जाऊन बसले. त्यांच्यामागून मधले दीर बसले, मग हे. हे माझ्याकडे बघून डोळ्यांनी म्हणाले, जा की.

मी मात्र जागच्या जागी थिजले होते. मैंदर्गीची अशी एकही रीत नाही जी मी अठरा वर्षांत ऐकली नव्हती. ही नव्हती.

अत्तींनी उठून माझ्या टाळूवर तेल घातलं, आपल्या हाताने, दोन्ही कानांमागे चोळलं, आणि मला न्हाणीत ढकलून दार ओढून घेतलं.

हंडा भरलेला होता. एक घागरही कमी झालेली नव्हती. मी पहिली घागर बुडवली, आणि पाणी अंगावर घेतलं तेव्हा मला रडू आलं, ते मी आवरलं नाही. बाहेर तेरा माणसं माझ्यासाठी थांबली आहेत, हे मला ठाऊक होतं. मी घाई केली नाही. दुसरी घेतली, तिसरी घेतली. गार पाणी हंड्यात ओतायला गेले तर भिंतीपलीकडून अत्तींचा आवाज आला.

"आत्ताच भरू नको. घे अजून. मी जाळ घालतीय."

त्या दुसऱ्या बाजूला, चुलीच्या तोंडाशी बसल्या होत्या. मध्ये हंडा आणि हातभर भिंत. मी भिंतीजवळ तोंड नेऊन हळूच विचारलं, "अत्ती, मैंदर्गीला असं नव्हतं ना?"

त्यांनी आणखी चार तुराट्या जाळात सारल्या.

"नव्हतं," त्या म्हणाल्या. "मी पण शेवटीच न्हात व्हते. असायला पायजे होतं."